जत्रेतला माणूस आणि मराठी गद्य

मराठी साहित्यात देवांना तोटा नाही, संतांना तर नाहीच नाही. तोटा आहे तो देवाच्या भेटीला निघालेल्या साध्या माणसाचा. अभंगांतून तो स्वतःच बोलला, त्यामुळे तेथे त्याची ओळख पटते. परंतु एकोणिसाव्या शतकात मराठी गद्य नव्या वळणाने घडू लागले आणि हा माणूस वर्णनाचा विषय झाला. तेव्हापासून तो बहुधा घोळक्यातच दिसतो. 'भाविकांची अलोट गर्दी', 'लाखोंचा जनसागर' ही वर्तमानपत्री शब्दकळा त्याच दृष्टीची आजची संतती आहे. सागर म्हटले की थेंब मोजायचे कारण उरत नाही.

यात्रा-जत्रांविषयीच्या मराठी लेखनाचा विचार मी येथे एकाच कसोटीवर करू इच्छितो: त्या लेखनात यात्रेकरू माणूस म्हणून दिसतो का? थळच्या बंदरावर उभे राहिले की समोर खांदेरी-उंदेरी आणि मागे कनकेश्वराचा डोंगर दिसतो. म्हणून उदाहरणे शक्यतो याच परिसरातून घेतली आहेत. हा प्रश्न आपल्या त्रैमासिकाच्या वाचकांना परका नाही. शेजाऱ्याच्या देवळाकडे आपण कसे पाहतो, आणि त्याविषयी आपल्या मुलांना कोणत्या भाषेत सांगतो, हा तुमच्या-माझ्या घरातला प्रश्न आहे.

आधी सरकारी नजर पाहू. १८८३ साली मुंबई सरकारच्या गॅझेटिअर मालेत कुलाबा व जंजिरा यांचा खंड निघाला. माहितीचे भांडार म्हणून त्याचे मोल आजही आहे. परंतु त्या मालेला जत्रा दिसते ती मुख्यतः व्यापाराच्या अंगाने: कोणते गाव, कोणती तिथी, अंदाजे किती जमाव, कोणता माल विकला जातो. यात खोटे काही नाही. तरीही एखादी बाई कडेवर लेकरू घेऊन कनकेश्वराच्या सातशेहून अधिक पायऱ्या का चढते, हे त्या तक्त्यात कधीच येणार नाही. राघोजी आंग्र्यांच्या काळात, १७६४ साली, त्या पायऱ्या बांधल्या गेल्या एवढे मात्र आपल्याला कळते. पायरीचा इतिहास हाती लागतो आणि पावलाचा हरवतो.

दुसरी नजर मिशनरींची, म्हणजे काही प्रमाणात आपलीच. तिचे दोन टप्पे दिसतात. पहिल्या टप्प्यात जत्रा ही प्रवचनाची व पत्रके वाटण्याची जागा होती, आणि यात्रेकरू हा अंधारातला जीव होता. दुसऱ्या टप्प्यात दृष्टी निवळली. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असे सांगितले. निकोल मॅक्निकोल आणि जस्टिन अ‍ॅबट यांनी मराठी संतांची वाणी इंग्रजीत नेली. जे. एन. फार्कर यांनी १९१३ साली, हिंदू धर्माची परिपूर्ती ख्रिस्तात होते, असा सिद्धान्त मांडला. ही मंडळी प्रॉटेस्टंट असली तरी त्यांचे ऋण आपण मान्य केले पाहिजे. तिरस्काराच्या जागी त्यांनी आदर आणला.

मात्र या आदरातही एक उणीव राहिली. पूल हा ओलांडून जाणाऱ्याला पूल असतो. ज्याचे घरच तेथे आहे, त्याला आपल्या दारातल्या भुईला कोणी पूल म्हटलेले कसे वाटेल? टिळकांना तसे म्हणण्याचा पूर्ण अधिकार होता, कारण ते स्वतः त्या वाटेने आले. तेच वाक्य आपण पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या प्रत्येकाला लावले, तर त्याची भक्ती ही कोणा दुसऱ्याच्या ग्रंथाची प्रस्तावना होऊन बसते. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयीचे आपले निवेदन प्रसृत केले. त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही, अशी त्यात ग्वाही आहे. ही ग्वाही पाळायची तर आधी ते सत्य, ते पावित्र्य प्रत्यक्ष पाहावे लागेल. आणि पाहणे हे साहित्याचे काम आहे.

असे पाहणारे गद्य मराठीत आहे. इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती' (१९४९) या संग्रहातला 'वाटचाल' हा लेख आणि दि. बा. मोकाशी यांचे 'पालखी' (१९६४) ही त्याची दोन ठळक उदाहरणे होत.

'वाटचाल' लिहिणारी बाई मानववंशशास्त्राची पंडित आहे. ती शास्त्र घरी ठेवून निघालेली नाही, आणि शास्त्राआड लपतही नाही. वारीत चालता चालता महाराष्ट्राची एक नवी व्याख्या तिला सापडते: ज्या देशातले लोक पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र. हा विचार पुढे इतका गाजला की त्याच लेखातला दुसरा विचार झाकोळून गेला. लेखिकेच्या दिंडीत ब्राह्मणांची चूल वेगळी आणि मराठ्यांची वेगळी. तोंडी अभंग एकच, वाट एकच, ऊन-पाऊस एकच; मात्र पंगत बसली की रेघ उठते. लेखिकेला त्याची रोज खंत वाटते. ती मराठा बायांबरोबर जेवते आणि त्यानंतर त्यांच्या वागण्यात अधिक मोकळेपणा आला हे नोंदवते. एवढ्याशा नोंदीत जे आहे ते जातिव्यवस्थेवरच्या पुष्कळ व्याख्यानांत सापडणार नाही.

वेदीवर रोज भाकर मोडणाऱ्याला हा उतारा अस्वस्थ केल्याशिवाय सोडत नाही. आपल्या श्रद्धेचे केंद्रच एका पंगतीत आहे. असे असूनही भारतातल्या ख्रिस्तमंदिरांत जातवार बसण्याच्या जागा होत्या; तमिळनाडूत दफनभूमीत भिंती उभ्या राहिल्या. आपल्याकडेही सोयरीक जुळवताना कोणत्या प्रश्नाने बोलणे सुरू होते, हे वाचकांना सांगायला नको. म्हणून 'वाटचाल' हा लेख मी शेजाऱ्याच्या दोषाचा पुरावा म्हणून वाचत नाही. समाज स्वतःच्या भक्तीला स्वतःच प्रश्न कसा विचारतो, याचा तो वस्तुपाठ आहे. चोखोबांची समाधी पायरीशी राहिली, आणि साने गुरुजींना १९४७ साली दार उघडण्यासाठी प्राण पणाला लावावे लागले. हा प्रश्न पंढरीच्याच अंगणातला आहे आणि तो तेथल्याच माणसांनी विचारला. आपल्या अंगणातला प्रश्न असाच आपल्यापैकी कोणी विचारला पाहिजे.

मोकाशी वेगळ्या प्रकृतीचे लेखक. ते व्यवसायाने रेडिओ दुरुस्त करणारे, स्वभावाने कथाकार. आपण भाविक म्हणून चाललो आहोत असा दावा ते करीत नाहीत, आणि भाविकांवर उपकार करायला आलेला सुधारकही ते नव्हेत. 'पालखी'चे सामर्थ्य या मधल्या, अवघड जागेत आहे. तेथे चालणाऱ्याचे पाय दुखतात, सामानाची काळजी असते, मुक्कामाला जागा मिळेल की नाही याची विवंचना असते. माणसे आपल्या घरच्या गोष्टी सांगतात, आणि देवाविषयी फारसे बोलत नाहीत. वाचकाला हळूहळू उमगते की त्यांच्या लेखी चालणे हेच बोलणे आहे. श्रद्धा नसलेला माणूस श्रद्धेविषयी इतक्या अदबीने लिहू शकतो, हे आम्हा धर्मगुरूंना अंमळ ओशाळवाणे वाटावे असे आहे. श्रद्धा असूनही आम्ही पुष्कळदा इतक्या अदबीने लिहीत नाही.

'पालखी'त एक मर्यादाही जाणवते. मोकाशींचे कुतूहल सर्वत्र सारखेच शांत राहते. इरावतीबाईंना पंगतीपाशी जशी ठेच लागते तशी त्यांना क्वचित लागते. माणूस दिसतो, पण माणसामाणसांतली भिंत तितकीशी दिसत नाही. दोन्ही पुस्तके एकापाठोपाठ वाचावीत ती एवढ्यासाठीच. आपल्या परंपरेतल्या वाचकाने यांच्या जोडीला फ्रेंच जेजुइट फादर गी देल्यूरी यांचा विठोबाच्या उपासनेवरचा १९६० सालचा इंग्रजी ग्रंथही ठेवावा. परधर्मीय धर्मगुरूने वारीत स्वतः चालून मग लिहिले, ही गोष्टच मुळी मोठी आहे. ग्रंथ मात्र अभ्यासकाचा आहे. त्यात मोकाशींची धूळ नाही.

आता किनाऱ्याकडे येऊ. मोकाशींचा जन्म उरणचा, म्हणजे याच जिल्ह्यातला. हा किनाऱ्यावरचा लेखक यात्रेचे पुस्तक लिहायला देशावर गेला, आणि देशावर जाणेच स्वाभाविक होते. मराठी यात्रासाहित्य हे मूलतः देशावरचे साहित्य आहे. आषाढीच्या वेळी आपल्याकडे दर्या खवळलेला असतो, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात, आणि खाचरांत भाताची आवणी चाललेली असते. त्या दिवसांत कुणबी, आगरी वा कोळी घर सोडून तीन आठवडे चालू शकत नाही. तेव्हा इरावतीबाईंची व्याख्या काटेकोरपणे लावली, तर आपल्या किनाऱ्याचा बराच भाग महाराष्ट्राच्या वेशीवरच थांबेल.

किनाऱ्याने यावर आपला तोडगा काढला. भात कापून झाले, मळणी आटोपली, समुद्र निवळला की कार्तिकात येथल्या जत्रा सुरू होतात. कार्तिकात वरसोलीचा विठोबा, वैकुंठ चतुर्दशीला आवासचा नागेश्वर, त्रिपुरी पौर्णिमेला कनकेश्वर, आणि मार्गशीर्ष पौर्णिमेपासून चौल-भोवाळ्याच्या डोंगरावर दत्ताची यात्रा. पंढरपूरचा यात्रेकरू देवाकडे जातो. येथे देवच एकामागून एक शेजाऱ्यांना भेटायला बोलावतात. यात्रा एका दिवसाची, बहुधा घरच्या भाकरीसह. पण गाठीभेटी दीड महिना पुरतात. लेकी माहेरी येतात, सोयरिकी ठरतात, उधारी फिटते, नवे जाळे घेण्याचे बोलणे होते.

आणि खोपोलीजवळ साजगावला जो विठोबा आहे, त्याला लोक 'बोंबल्या विठोबा' म्हणतात. कार्तिकात तेथे भरणाऱ्या जत्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार असतो. मिरचीच्या व्यापारासाठी तुकोबा कोकणात उतरले होते, अशी त्या स्थानाची आख्यायिका आहे. वारकरी गळ्यात तुळशीची माळ घालतो आणि मासळी वर्ज्य करतो, हे तर सर्वश्रुत आहे. तरी त्याच विठोबाला किनाऱ्याने बोंबलाचे नाव दिले आणि देवाने ते मुकाट्याने स्वीकारले. या नावात थट्टा आहे, लाडिकपणा आहे आणि हक्कही आहे. आमचा धंदा हा, आमचा वास हा. आमच्याकडे यायचे तर असेच यावे लागेल, असे ते नाव सांगते. ज्यांच्या प्रभूने आपले पहिले शिष्य जाळी धुणाऱ्यांतून निवडले, त्यांना या नावाचा अर्थ फोडून सांगावा लागू नये.

एवढी श्रीमंत सामग्री असून किनाऱ्याच्या जत्रेला अद्याप तिची 'पालखी' मिळालेली नाही. लोकसाहित्याच्या संग्रहांत गाणी आली, दैनिकांच्या पुरवण्यांत पाळणे, मिठाई आणि रोषणाई आली. खांदेरीच्या वेताळावर कोळ्यांची श्रद्धा आहे, हे वाक्य प्रत्येक पर्यटन-पुस्तिकेत असते. ती श्रद्धा वादळात सापडलेल्या होडीवर कशी उच्चारली जाते, हे कोणत्याही पुस्तिकेत नाही. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरीचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण यापुढे खांदेरीविषयी जे लिहिले जाईल त्यात तटबंदी अधिक आणि नारळ वाहणारा हात कमी येईल, अशी मला भीती वाटते.

यात्रेकरूइतकाच अवघड विषय साधुपुरुषांचा. मराठी गद्याने त्यांच्यासाठी दोन साचे तयार ठेवले आहेत. पहिला चरित्राचा: जन्म, वैराग्य, चमत्कार, समाधी. दुसरा विडंबनाचा: दाढी, छाटी, दक्षिणा, ढोंग. दोन्ही साच्यांत भक्त गौण असतो. एकात तो चमत्काराचा साक्षीदार असतो, दुसऱ्यात फसवणुकीचा बळी. वास्तविक साच्याबाहेरचा पुरावा आपल्याकडे आहे. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचा पत्रव्यवहार पारसनिसांनी प्रसिद्ध केला आणि त्यांच्याविषयी राजवाड्यांनी अत्यंत कठोर लिहिले. पेशव्यांना कर्ज देणारा, आंग्र्यांशी पत्रे लिहिणारा, परशुरामाच्या देवस्थानावर १७२७ साली सिद्दीकडून घाला झाल्यावर संतापाने पेटणारा हा स्वामी एकाच वेळी गुरू, सावकार आणि राजकारणी आहे. असे पात्र कोणत्याही भाषेच्या कादंबरीकाराला मोह घालील. आपल्याकडे मात्र त्याच्यावर खटला चालला आणि निकालही लागला. त्याच्या पायाशी येणाऱ्या सामान्य माणसाला काय हवे होते, हे कोणी विचारले नाही.

आजच्या काळातले उदाहरण आणखी जवळचे आहे. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ साली सुरू केलेली श्रीबैठक आज अनेक देशांत पोचली आहे. तिचा पाया आहे 'दासबोधा'चे निरूपण. ज्या ग्रंथाचे वीस दशक व दोनशे समास आहेत आणि ज्याचे लेखन याच जिल्ह्यात, महाडजवळच्या शिवथरघळीत झाल्याची परंपरा आहे, तो ग्रंथ आगरी, कोळी, कुणबी, गिरणीत व कारखान्यात राबणारी कुटुंबे आठवड्याच्या आठवड्याला ऐकतात. व्यसन सुटल्याचे, घरात शांतता आल्याचे अनुभव किनाऱ्यावर कोणीही सांगेल. मराठी ग्रंथाच्या श्रवणाचा इतका विस्तृत व्यवहार चालू असताना, मराठी वाचक कमी झाला म्हणून परिसंवाद भरवणाऱ्या समीक्षेने त्याकडे ढुंकूनही पाहू नये, हे नवल आहे. श्रोता ग्रंथातून काय उचलतो, काय सोडतो, निरूपणकाराच्या शब्दाला प्रश्न विचारतो की नाही, हे साहित्याचेच प्रश्न आहेत. निरूपण ऐकून उठलेल्या माणसाची विवेकबुद्धी वाढली की केवळ आज्ञाधारकता वाढली, हाही प्रश्न विचारलाच पाहिजे. आणि तो प्रवचन देणाऱ्या प्रत्येकाने, माझ्यासारख्याने तर दर रविवारी, स्वतःलाही विचारला पाहिजे.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे नानासाहेबांचे चिरंजीव आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्रभूषण पुरस्कार देण्यात आला. उघड्या मैदानावर, वैशाख वणव्याच्या तोंडावर भरदुपारी झालेल्या त्या शासकीय समारंभात लाखो श्रीसदस्य बसले होते. उष्माघाताने चौदा जणांचा मृत्यू झाला. त्यानंतरचे लेखन मी ध्यानपूर्वक वाचले. एका बाजूला गर्दीचा विक्रम आणि शिस्तीचे कौतुक. दुसऱ्या बाजूला आरोप, प्रत्यारोप आणि 'अंधभक्त' ही शिवी. ते चौदा जण कोण होते? कोणत्या गावाहून कोणत्या गाडीने आले, तहान लागली असताना जागेवरून का उठले नाहीत, न उठण्यात त्यांना कोणते समाधान वाटत होते? एवढ्या शाईत या प्रश्नांच्या वाट्याला फार थोडी आली. गर्दी म्हणून त्यांचा गौरव झाला, गर्दी म्हणूनच त्यांची हेटाळणीही झाली. माणूस म्हणून त्यांच्याविषयी लिहिणारा मोकाशी तेथे असायला हवा होता. माझ्या मते मराठी गद्याचे हे अपयश नैतिक आहे, आणि ते केवळ शैलीच्या खात्यावर टाकून भागणार नाही.

शेवटी आपल्या पानांविषयी. ख्रिस्ती नियतकालिकांतून शेजारधर्मावर जे लेखन येते त्याची वृत्ती चांगली असते. चव मात्र बहुधा गुळमट. सर्व नद्या सागराला मिळतात, सर्व धर्म प्रेम शिकवतात, दिवाळीला फराळ येतो आणि नाताळला केक जातो, येथे लेख संपतो. शेजारी येथेही ताटापुरताच दिसतो. आपल्याच यात्रांकडे पाहा. वांद्र्याच्या डोंगरावर सप्टेंबरात मेणबत्ती लावणाऱ्यांत, किंवा जुन्या गोव्यात २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात संत फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांच्या दर्शनाला उभे राहिलेल्यांत किती जण अख्रिस्ती होते! त्यांना कोणी दोन धर्मांचा पूल म्हणून तेथे बोलावले नव्हते. पोर आजारी होते, नोकरी लागत नव्हती, नवस होता, म्हणून ते आले. कोर्लईची कार्मेल माता असो, कनकेश्वर असो, की अलिबाग तालुक्यात खंडाळ्याजवळचा एलिया संदेष्ट्याच्या नावाचा, बेने इस्रायलींना पवित्र असलेला खडक असो, किनाऱ्याचा माणूस आपली गरज घेऊन पायरी चढतो. या गरजेला खालच्या पायरीची भक्ती म्हणण्याची सवय आम्हा सेमिनरीत शिकलेल्यांना असते. येशूने मात्र आपल्या वस्त्राचा गोंडा धरणाऱ्या बाईला तिच्या श्रद्धेची इयत्ता विचारली नाही. गर्दी रेटत असताना त्याने थांबून, आपल्याला कोणी स्पर्श केला, एवढेच विचारले.

गर्दीविषयी लिहिण्याची यापेक्षा चांगली रीत मला ठाऊक नाही. शिष्यांना गर्दी दिसत होती. त्याला एक माणूस जाणवला. इरावतीबाईंनी पंगतीत आणि मोकाशींनी मुक्कामावर आपापल्या परीने हेच केले. आता किनाऱ्यावरच्या कोणी तरुणाने वा तरुणीने, त्यांचा धर्म कोणताही असो, येत्या कार्तिकात एक वही घेऊन वरसोलीपासून भोवाळ्यापर्यंतच्या पायऱ्या चढाव्यात. कोणालाही पूल म्हणू नये, कोणालाही सागर म्हणू नये. शेजारी चढणाऱ्याला, दम लागला असेल तर आधी पाणी द्यावे आणि मग नाव विचारावे. ते पुस्तक मराठीला हवे आहे. या त्रैमासिकाच्या पानांवर त्याचे पहिले प्रकरण छापून आले, तर आपल्या समाजाने शेजाऱ्याचे थोडे ऋण फेडले असे होईल.